पडद्यासाठी आणलेला धबधबा

आमच्या फोटो स्टुडिओत एक धबधबा होता. कापडावर रंगवलेला, बांबूवर गुंडाळून वर बांधून ठेवलेला. नवं जोडपं आलं की माझे सासरे दोरी सोडायचे, धबधबा सरसर खाली यायचा, आणि त्याच्यापुढे नवरदेव खुर्चीत, नवरी शेजारी उभी. नागपूरच्या महाल भागापासून थेट सावनेर-नरखेडपर्यंत कितीतरी घरांच्या भिंतींवर तो धबधबा लागलेला होता. पण खरं सांगू? रंग उडून उडून शेवटी तो वाळत घातलेल्या धोतरासारखा दिसायला लागला होता. एका नवरदेवाने तर तोंडावरच विचारलं, "काका, मागचं धोतर काढता का जरा?" सासरे चार दिवस कोणाशी धड बोलले नाहीत.

ही गोष्ट सत्तर सालाच्या थोडी अलीकडची-पलीकडची. दुकान नागपुरात, महालातल्या एका गजबजलेल्या रस्त्यावर, मागच्या बाजूला घर. सासरे मालक, माझा नवरा फोटो काढणारा, आणि आत पार्टिशनच्या मागे खिडकीपाशी बसून रिटचिंग करणारी मी. रिटचिंग म्हणजे काय, हे आजच्या पोरांना ठाऊक नाही, म्हणून सांगते. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं, काळं ते पांढरं, पांढरं ते काळं. चेहऱ्यावर खड्डा असला की निगेटिव्हवर तिथे फिकट ठिपका दिसतो. तो ठिपका सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलने भरायचा. इतक्या हलक्या हाताने, की पेन्सिल टेकली की नाही हे आपलं आपल्यालाही कळू नये. मग फोटो कागदावर उतरला की खड्डा गायब! त्या काळी देवीचे वण घरोघरी होते. लग्नाच्या पोरींना घेऊन आया यायच्या आणि काउंटरवर वाकून हळूच म्हणायच्या, "तेवढं पाहून घ्या जी." मी पाहून घ्यायची.

आणि फुशारकी म्हणा हवं तर, पण माझ्यासारखा हात अख्ख्या नागपुरात नव्हता. समोरच्या फुटपाथवरचा स्टुडिओवाला, जो आमच्या सासऱ्यांकडे पाहून थुंकायचा, तोही आपल्या नाजूक निगेटिव्ह संध्याकाळी पिशवीत घालून गुपचूप माझ्याकडे पाठवायचा. सासऱ्यांनीच मला शिकवलं होतं. त्यांचे डोळे अधू झाले तसं त्यांनी पेन्सिल माझ्या हातात दिली आणि एकच नियम सांगितला, "या दुकानातून वण बाहेर जात नाही." मीही तो नियम डोळ्यात तेल घालून पाळला.

आता यातली गंमत ऐका. मला स्वतःला सहाव्या वर्षी देवी आल्या होत्या. दोन्ही गाल, कपाळ, नाकाचा शेंडा, काही म्हणून सुटलं नाही. लग्नाआधी दाखवायला म्हणून माझा एक फोटो काढला होता, आमच्या गावाकडच्या स्टुडिओत. त्यात माझा चेहरा उकडलेल्या अंड्यासारखा गुळगुळीत. सासरे मला पाहायला आले तेव्हा त्यांनी आधी फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि माझ्या वडिलांना म्हणाले, "काम कच्चं हाय भाऊ. नाकाजवळची सावलीच खाऊन टाकली." मुलीबद्दल नाही हं, रिटचिंगबद्दल! वडिलांना वाटलं, झालं, मोडलं. पण सासऱ्यांनी होकार दिला. मी मात्र आत सैपाकघरात उभी राहून ते ऐकलं होतं आणि तिथल्या तिथे ठरवून टाकलं होतं, पुन्हा म्हणून कॅमेऱ्यापुढे उभं राहायचं नाही. गुळगुळीत केलेला फोटो काढला तर तो माझा नाही, आणि न केलेला काढला तर सगळ्या गावाने माझे वण टांगलेले पाहायचे. दोन्ही नकोत. स्टुडिओवाल्यांच्या घरात चार वर्षं राहिले, पण फोटो म्हणून एक नाही. लग्नातल्या फोटोतसुद्धा माझी मान खाली आहे, फक्त भांग दिसतो.

तर त्या धोतराच्या प्रकारानंतर सासऱ्यांनी नवा पडदा करायचा ठरवला. पडदे रंगवणारा एक पेंटर होता, त्याला बोलावलं. तो बिचारा खरं बोलणारा. म्हणाला, "मी धबधबा जिंदगीत पाहिला नाही. मागचा बी अंदाजानंच केला होता. तुम्ही खऱ्या धबधब्याचा फोटो आणा, मी हुबेहूब उतरवतो. अन् एक माणूस उभा करा त्याच्यापुढं. माणूस नसला तर मले कसं समजीन, पाणी दहा फुटावरून पडून राहिलं का शंभर?"

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मारबत नुकतीच होऊन गेली होती. गणपती आणि महालक्ष्म्या लागल्या की दुकान बंद ठेवणं शक्य नव्हतं, आणि दसऱ्यापर्यंत नाल्यांचं पाणी आटतं. म्हणजे हातात दुकानाच्या सुटीचा एकच सोमवार होता. सासऱ्यांचे गुडघे चढणीला नाही म्हणत होते. ते नवऱ्याला म्हणाले, "सूनबाईले घेऊन जा. कॅमेऱ्याची तिपाई तरी धरील." मी खूश झाले. खोटं कशाला बोलू? पार्टिशनच्या मागून बाहेर पडायला मिळत होतं. माणूस उभा करायचा ते मला ठाऊक होतं, पण तिकडचा कोणी उभा करू, असं नवरा म्हणाला होता. मी निश्चिंत होते.

पहाटे सायकलरिक्षाने स्टँड गाठला. सामान काय विचारू नका. लाकडी कॅमेरा त्याच्या पेटीत, जुन्या लुगड्यात गुंडाळलेली तिपाई, काळं कापड, आणि फिल्म भरलेले चपटे लाकडी होल्डर. फिल्म मोजून सहा. छिंदवाड्याच्या बसचा कंडक्टर पेटीकडे पाहून म्हणाला, "हार्मोनियम ऊपर डालो." नवरा पेटीला मिठी मारून बसला तो बसलाच. सावनेर आलं, कापसाची हिरवीगार शेतं गेली, संत्र्यांचे बगिचे गेले, सौंसर आलं, सगळे उतरून चहा पिऊन आले, पण हा मांडीवर पेटी घेऊन तसाच. पाय सुन्न झाले तरी हूं की चूं नाही. मी तिखट पुरी लोणच्यात बुडवून त्याच्या तोंडाशी धरली तर बाजूची बाई पदरात तोंड लपवून हसली. हसू दे, म्हटलं.

सौंसरच्या पुढे घाट लागतो, तिथे एका चहाच्या टपरीशी उतरलो. तिथून जंगलातून दीड-दोन कोस पायी. रस्ता दाखवायला एक म्हातारा ढोरकी भेटला, चार गाई आणि दोन बैल घेऊन चाललेला. त्याने तिपाई पाहिली आणि त्याचा चेहराच उतरला.

"जमीन मोजाले आले का साहेब? धरण-बिरण बांधता का?"

"नाही गा बाबा," नवरा म्हणाला, "फोटो काढाले आलो."

"कोणाचा?"

"पाण्याचा."

म्हातारा थांबला. त्याच्या गाईही थांबल्या. "पाण्याचा? काहून? पाणी का लगन करून राहिलं?"

मी इतकी हसले की तिपाई खांद्यावरून घसरली. हो, तिपाई मीच नेली, एवढं ऐकून ठेवा. सागाच्या झाडांतून, गुडघ्याएवढ्या गवतातून, दोन नाले ओलांडून, लुगडं वर खोचून. दुसऱ्या नाल्यात नवऱ्याचा पाय शेवाळावरून सटकला. पाण्यात बसला, पण कॅमेऱ्याची पेटी डोक्यावर धरून. पाण्यातूनच ओरडला, "पेटी घे वं आधी!" मी आधी पेटी घेतली. मग त्याला.

आवाज आधी आला. मला वाटलं, रेल्वे आहे. मग वळण घेतलं आणि समोर तो.

काय सांगू! हजारो जोडपी आम्ही धबधब्यापुढे बसवली, आणि आम्हा दोघांपैकी एकानेही आजवर धबधबा पाहिला नव्हता. मी तिपाई खाली टाकली आणि दगडावर बसकण मारली. मला वाटायचं, पाणी पांढरं असतं. कसलं पांढरं! वरच्या काठाशी ते काचेसारखं, मागचा दगड दिसावा असं. मधे फुटून त्याच्या दोऱ्या होतात, आणि दोऱ्यांच्या मधे काळे काळे पट्टे राहतात. खाली तर पाणीच नाही, नुसता धूर. नवरा कॅमेरा लावत होता, मी त्या दोऱ्या मोजत होते. रोज डोळे दुखेपर्यंत बारीक ठिपके भरत बसणारी मी. मला पाहायचं म्हणजे असंच पाहता येतं, तुकड्या-तुकड्याने, कडेकडेने. अर्धा-पाऊण तास मी दुसरं काही केलं नाही.

नवरा काळ्या कापडात डोकं घालून कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर पाहत होता. त्या कॅमेऱ्यात सगळं उलटं दिसतं. आतूनच ओरडला, "अवं, इकडं ये, पाह! पाणी वर चढून राहिलं!" मीही कापडात शिरून पाहिलं. खरंच, धबधबा जमिनीतून निघून आभाळात चालला होता. दोघंही लहान पोरांसारखे हसलो.

मग माणसाची वेळ आली. नवरा म्हाताऱ्याला म्हणाला, "बाबा, तुम्ही उभे राहा त्या दगडावर." म्हातारा म्हणाला, "अन् माह्ये ढोरं कोण पाहीन?" आणि गाई हाकत निघून गेला. हाका मारल्या तर नुसता हात हलवला. आजूबाजूला दुसरं चिटपाखरू नाही. परतीची बस दुपारची. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं.

"नाही," मी म्हटलं.

"अवं, उंची समजाले पाहिजे ना पेंटरले."

"नाही म्हणजे नाही. झाड उभं करा."

"झाड केवढं हाय हे त्याले कसं समजीन?"

मला रडू आलं. रागही आला. एवढ्या लांब आणून मला ह्यात पाडलं! पण सासऱ्यांचं तोंड डोळ्यांपुढे आलं. त्या धोतराने त्यांची काय शोभा झाली होती, ते मी पाहिलं होतं. मी म्हटलं, "ठीक आहे. पण पाठमोरी उभी राहीन."

नवरा म्हणाला, "हो ना, पाठमोरीच." मी जाऊन दगडावर पाठ करून उभी राहिले. कापडात शिरला. बाहेर आला. पुन्हा शिरला. मग कंटाळून म्हणाला, "नाही जमत वं. माह्यानं पाठ काढणं होतच नाही. जिंदगीत पाठ काढली नाही, कुठं पाहावं तेच समजत नाही."

आता ह्याला काय म्हणावं? मी वळले. तोंडावर तुषार उडत होते, कानात आवाज भरला होता, आणि समोर माझा नवरा काळ्या कापडातून डोकं काढून अगदी दुकानातल्यासारखा म्हणत होता, "हनुवटी जरा खाली. नजर इकडं. छान. आता हलू नका." मला! हलू नका! चार वर्षांत मला कधी 'नका' म्हणाला नव्हता. मला हसू फुटलं आणि तेवढ्यात त्याने शटरचा रबरी फुगा दाबला. दुसऱ्या फिल्मला कॅमेरा थोडा पुढे आणला. तिसऱ्याला आणखी पुढे. मी विचारलं, "काहून जवळ येऊन राहिले?" म्हणे, "चेहरा लहान येऊन राहिला." मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण माझी पाठ धबधब्याकडे, फोटोत पाणी किती राहिलं ते मला काय दिसतं?

संध्याकाळी घरी पोचलो. सासरे ओट्यावर वाट पाहत बसले होते. जेवण बाजूला ठेवून आधी डार्करूम. बाप-लेक आत, मी दाराशी. थोड्या वेळाने सासऱ्यांचा आवाज आला, आधी हळू, मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा.

"धबधबा कुठी आहे रे?"

आत नळ सुटल्याचा आवाज आला.

"मी विचारून राहिलो, धबधबा कुठी आहे? हे तर सूनबाई हाय!"

आत जाऊन पाहिलं. ओल्या सहा निगेटिव्ह तारेला टांगलेल्या. सहाच्या सहा माझ्या. एकीत पूर्ण, दोहोंत कंबरेपर्यंत, बाकी तर पासपोर्टला चालतील अशा. सवय हो, दुसरं काय! त्याने आयुष्यभर चेहराच पाहिला होता. फोकस चेहऱ्यावर, उजेडाचा हिशेबही चेहऱ्याचाच, लेन्स दुकानात ठेवतो तशी सताड उघडी. त्यामुळे मागचा धबधबा जळून निगेटिव्हवर एक काळाकुट्ट डाग झाला होता, म्हणजे कागदावर पांढरं फटक. पुन्हा धोतरच! पाण्याचा फोटो काढायला गेलेला माणूस बायकोचे सहा फोटो काढून परत आला होता.

सासरे बोलायचे ते बोलले. "रेशन कार्डाले फोटो पाहिजे होता का हिले? त्याच्यासाठी घाट चढले?" नवरा मान खाली घालून उभा. रात्री मी त्याला विचारलं, "एकदाही पाण्याकडे पाहावंसं वाटलं नाही का?" तो म्हणाला, "काचेवर तू हसून राहिली होती. मंग पाण्याकडं कोण पाहते?" आणि कुशीवर वळला. ह्या माणसावर रागावून काय करणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सासऱ्यांसमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "मामाजी, धबधबा मी काढते."

"कुठून?"

"निगेटिव्हवरून. मी पाहिला आहे."

ते हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. म्हणाले, "पाणी रिटच केलेलं मी कधी पाहिलं नाही." मी म्हटलं, "आता पाहाल."

ज्या निगेटिव्हमध्ये मी पूर्ण उभी होते ती घेतली. सगळ्यात दूरची तीच होती, धबधबा वरपासून खालपर्यंत तिच्यातच मावला होता. तीन दिवस बसले. सकाळचा उजेड खिडकीतून येईल तेव्हापासून दुपारी तो कलेपर्यंत. काळ्या डागातून बारीक पात्याने खरवडत गेले, केसाएवढं, त्याच्याहून कमी. दोऱ्यांच्या मधले काळे पट्टे आणायला खरवडायचं, दगडावरचे तुषार आणायला पेन्सिल टेकवायची. पातं जरा दाबलं गेलं तर निगेटिव्ह कायमची गेली, दुसरी नाही. श्वास रोखून काम. किती दोऱ्या होत्या, कोणती कुठे फुटत होती, डाव्या अंगाचा दगड कुठे बाहेर आला होता, सगळं मला पाठ होतं. सासूबाई जेवायला हाका मारून दमल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी मी मागे सरले आणि निगेटिव्ह उजेडापुढे धरली. पाणी पडत होतं! मी हे माझ्या हाताने केलं होतं. मला इतका आनंद झाला की उठून एकटीच पार्टिशनमागे फेऱ्या मारल्या.

मग राहिला चेहरा. तो तर रोजचा. पाच मिनिटांचा खेळ. पेन्सिल नव्याने घासून टोक काढलं, भिंग डोळ्याला लावलं, आणि पहिल्यांदा आयुष्यात स्वतःच्या तोंडाकडे गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहावं तसं पाहिलं. नवऱ्याचा फोकस, तो काय चुकतो! वण न वण मोजून घ्यावा. मी ओठाच्या कोपऱ्यापासून सुरुवात करणार होते. तिथे दोन खोल वण आहेत. आणि तिथेच माझं हसू होतं. त्या वणांतूनच हसण्याची घडी गेली होती. वण भरले तर घडी मोडते. घडी मोडली तर हसू जातं, राहतं नुसतं मिटलेलं तोंड. पेन्सिल टेकवायची सोडून मी बसून राहिले.

आणि एकदम माझ्या लक्षात आलं. कितीतरी पोरींचं मी हेच केलं होतं. त्यांचे वण घालवले, आणि त्यांच्याबरोबर अजून काय काय घालवलं, ते मी कधी पाहिलंच नव्हतं. कारण त्या हसताना मी त्यांना पाहिलं नव्हतं, माझ्याकडे यायची ती फक्त निगेटिव्ह. पण ह्या पोरीला मी ओळखत होते. ती त्या दगडावर का हसली, ते मला ठाऊक होतं. दीड-दोन कोस तिपाई वाहून नेली होती तिने. तिला मी गुळगुळीत करू? नाही करत जा, म्हटलं. पेन्सिल खाली ठेवली.

नवऱ्याने प्रिंट काढला. सासऱ्यांनी तो खिडकीशी नेला, भिंग काढलं आणि पाणी पाहायला लागले. वरून खाली, खालून वर. कितीतरी वेळ. मग भिंग सरकत सरकत माझ्यावर आलं आणि थांबलं.

"चेहरा राहिला, बाई."

"राहिला नाही मामाजी. ठेवला."

त्या दुकानात सासऱ्यांना उलट उत्तर देणारं कोणी नव्हतं, आणि मी तर कधीच नाही. पण मी मान खाली घातली नाही. सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं. प्रिंट पाकिटात घातला आणि पेंटरकडे निघून गेले. पेंटरला काय, उंचीशी मतलब.

पुढचे आठ दिवस, पेंटर नवा पडदा रंगवत होता तोवर, मी धास्तीत काढले. ते माझ्याशी बोलत, पण कामापुरतं. मला वाटलं, ह्यांनी मनात धरलं. एका सकाळी मी दुकानात गेले तर सासरे स्टुलावर चढलेले, ते दुखरे गुडघे घेऊन, आणि रस्त्याकडच्या काचेच्या शोकेसमधून मधला मोठा फोटो काढत होते. मधली जागा म्हणजे दुकानाचं नाक. तिथे नेहमी एखादी देखणी नवरी असायची. खाली नवऱ्याच्या हातात भलामोठा नवा फोटो होता, फ्रेम केलेला. सासऱ्यांनी रात्रीतून मोठा करून घेतला होता. धबधबा, आणि त्याच्यापुढे मी. एवढ्या मोठ्या कागदावर एक वण लपत नव्हता.

"असं पाणी नागपुरात कोणाच्या बापानं केलं नाही," सासरे वरून म्हणाले, समोरच्या स्टुडिओला ऐकू जाईल अशा आवाजात. "लाव इथं. पाहू दे साऱ्यांले."

नवरा घुटमळला. मला ऐकू जाऊ नये म्हणून आवाज खाली आणून म्हणाला, "बाबा, पाण्याचं ठीक हाय. पण चेहरा?"

सासऱ्यांनी स्टुलावरून त्याच्याकडे असं पाहिलं, जसं काही त्याने मूर्खासारखंच विचारलं होतं.

"चेहऱ्याले का झालं?"

आयुष्यभर वण पुसत आलेला माणूस तो. मी तशीच पायऱ्या उतरले, रस्ता ओलांडला, सायकली आणि रिक्षांच्या मधून समोरच्या फुटपाथवर गेले आणि वळून उभी राहिले. सकाळचं ऊन काचेवर पडलं होतं. दोन बाया शोकेसपाशी थांबून बोट दाखवत होत्या. त्यांनी काय म्हटलं ते मला ऐकू आलं नाही, आणि खरं सांगते, मला ऐकायचंही नव्हतं. मी माझ्याकडेच पाहत होते. चांगली दिसत होते हो मी. माझी मला चांगली दिसत होते.

नवरा दुकानाच्या दारात येऊन हात हलवत ओरडला, "अवं, ये ना! गिऱ्हाईक आलं!"

"थांबू द्या त्याले," मी फुटपाथवरूनच ओरडले. "मी पाहून राहिली!"